आमियाँच्या शिलेची साक्ष

उत्तर फ्रान्समधल्या आमियाँ कॅथेड्रलचं काम कधी सुरू झालं आणि ते कुणी केलं, याची मुख्य साक्षीदार आहे एक शिला. मुख्य दालनाच्या फरशीत काळ्या-पांढऱ्या दगडांचा अष्टकोनी भूलभुलैया आहे, त्याच्या मधोमध ती बसवली होती. मूळ शिला आता तिथल्या पिकार्दी संग्रहालयात आहे. जुन्या फ्रेंचमधला तिच्यावरचा लेख सांगतो, की काम १२२० मध्ये सुरू झालं, तेव्हा एव्हरार बिशप होते. पहिला स्थपती रॉबेर द ल्युझार्श, त्याच्यानंतर तोमा द कोर्माँ, मग तोमाचा मुलगा रनो. लेख रनोनेच बसवून घेतला. साल दिलंय तेराशेला बारा कमी, म्हणजे १२८८.

हाच लेख १२२० चा राजा म्हणून फिलिपचा मुलगा लुई याचं नाव घेतो. ते चुकीचं आहे. फिलिप ऑगस्टस जुलै १२२३ मध्ये वारला, तोवर गादीवर तोच होता. एवढ्यावरून लेख निकालात काढावा, असं मला वाटत नाही. ६८ वर्षांनी राजाचं नाव पुढेमागे होऊ शकतं. काम कुणाच्या हातून कुणाकडे आलं, हे मात्र रनोला घरातच ठाऊक असणार. शिवाय बिशप एव्हरार १२२२ मध्ये वारले. त्यांचं नाव खरं असेल, तर कामाचा आरंभ त्याआधीचाच ठरतो.

आता इमारतीला विचारू. मुख्य दालनाचं छत सुमारे ४२ मीटर उंच. तिथे खालच्या कमानी आणि वरच्या खिडक्या यांच्यामधल्या अरुंद सज्जाची मागची भिंत बंद, दगडी आहे. वेदीच्या बाजूला तीच भिंत नाहीशी होऊन तिच्या जागी काच आली आहे, आणि बाहेरच्या आधारकमानीही जाळीदार झाल्या आहेत. बांधण्याची रीत इथे उघड बदलते. वेदीमागच्या उंच खिडकीत बिशप बेर्नार यांच्या नावासोबत १२६९ हे साल आहे, त्यामुळे हा भाग तोवर वरपर्यंत पोहोचला होता असं धरता येतं.

हा नाजूकपणा रनोच्या पिढीचा, असं अभ्यासक मानतात. पण त्या जाळीदार कमानी भार पेलायला अपुऱ्या पडल्या. पुढे त्यांच्याखाली जादा कमानी घालाव्या लागल्या. मधल्या चौकातले खांबही वाकू लागले, तेव्हा १४९७ च्या सुमारास मुख्य गवंडी पिएर तारिझेल याने सज्जाच्या उंचीवर लोखंडी साखळी ओवून भिंती जखडल्या. ती साखळी आजही तिथे आहे.