औषधोपचार चालू असताना टाकीचे पाणी कसे बदलावे?

आजारी माशाला इतर माशांपासून दूर ठेवून त्याच्यावर उपचार करण्यासाठी क्वारंटाइन टँक, म्हणजेच विलगीकरणाची टाकी वापरली जाते. पाणी बदलल्यास औषध वाया जाईल, या समजुतीने अनेक हौशी मंडळी या टाकीतील पाणी आठवडाभर तसेच ठेवतात. परिणामी मासा कित्येकदा रोगाऐवजी दूषित पाण्यानेच दगावतो.

याचे कारण टाकीच्या रचनेत आहे. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया मिसळत असतो. मुख्य टाकीच्या फिल्टरमध्ये वाढलेले जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. तात्पुरत्या मांडलेल्या लहान टाकीत हे जीवाणू पुरेसे नसतात. शिवाय मिथिलीन ब्ल्यू व काही प्रतिजैविके त्यांनाही मारक ठरतात. पाण्याचा सामू वाढला, की अमोनियाचे विषारीपण झपाट्याने वाढते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियाचा एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो; सामू ८ असताना हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून उपचारकाळात अमोनियाची चाचणी नियमित करावी आणि तो आढळताच पाणी बदलावे.

औषधाचा हिशेब

प्रथम टाकीतील पाणी मोजावे. लांबी ५० सेंमी, रुंदी ३२ सेंमी आणि पाण्याची उंची २५ सेंमी असल्यास गुणाकाराला १००० ने भागून ४० लिटर हे उत्तर मिळते. त्यातील १० लिटर पाणी काढून तेवढेच नवे भरल्यास औषधही १० लिटरपुरतेच घालावे. रोज चतुर्थांश पाणी बदलून औषध मुळीच न घातल्यास तीन दिवसांत त्याचे प्रमाण ४२ टक्क्यांवर येते. उलट प्रत्येक वेळी पूर्ण मात्रा घातल्यास, औषधाचे विघटन होत नसेल तर, तेवढ्याच काळात ते सुमारे पावणेतीन पट होते. मिठालाही हाच नियम लागू आहे. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी भरताना मात्र औषध वा मीठ घालू नये, कारण पाण्याची वाफ झाली तरी मीठ टाकीतच उरते. काही औषधांच्या वेष्टनावर पाणी बदलून पूर्ण मात्रा पुन्हा देण्याची सूचना असते. तेथे तीच पाळावी.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात प्रमाण टिकवणे विशेष महत्त्वाचे असते. या रोगाचा परजीवी माशाच्या त्वचेत असेपर्यंत औषधाला दाद देत नाही. तो पाण्यात मुक्तपणे पोहू लागल्यावरच मरतो. त्यामुळे ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार लगेच थांबवू नयेत. पाणी काढताना नळीने तळाचा गाळ ओढून घेतल्यास तेथे पडलेल्या परजीवींच्या कोशांपैकी काही आपोआप बाहेर पडतात.

घ्यावयाची काळजी

नव्या पाण्याचे तापमान टाकीतील पाण्याएवढेच असावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन अँटिक्लोरिनने काढून टाकावा. औषध नव्या पाण्यात आधी विरघळवून मग ते पाणी सावकाश ओतावे. फिल्टरमधील सक्रिय कोळसा औषध शोषून घेतो, म्हणून उपचार संपेपर्यंत तो काढून ठेवावा. फॉर्मॅलिनसारख्या औषधांमुळे पाण्यातील प्राणवायू घटतो. हवेचा पंप अखंड चालू राहील, हे पाहावे. मॅलाकाइट ग्रीन हाताळताना हातमोजे घालावेत. खाद्य कमी द्यावे आणि उरलेले लगेच काढावे. या टाकीची जाळी, नळी व बादली मुख्य टाकीसाठी वापरू नये. काढलेले औषधी पाणी तलावात वा ओढ्यात सोडू नये.

उपचार पूर्ण झाल्यावर टप्प्याटप्प्याने पाणी बदलून आणि कोळसा पुन्हा बसवून उरलेले औषध काढावे. त्यानंतर काही दिवस मासा नीट खातो-पोहतो आहे ना, हे पाहूनच त्याला मुख्य टाकीत सोडावे.