लाजेची लाली आणि तिच्यावरचे इलाज

लाजेने चेहरा लाल होणे हा एकोणिसाव्या शतकापर्यंत मुख्यतः नीतीचा आणि काव्याचा विषय होता. डॉक्टर टॉमस बर्जेस यांनी १८३९ मध्ये त्यावर अख्खे पुस्तक लिहिले, पण त्यांचाही निष्कर्ष नीतीचाच निघाला: माणसाचा अपराध गालांवर उमटावा आणि त्याला वचक बसावा, यासाठी विधात्याने ही योजना केली. निरीक्षण मात्र त्यांनी पक्के केले होते. एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या चेहऱ्यावर एक व्रण होता. तिला कोणी एकाएकी हटकले किंवा तिच्यावर क्षुल्लक आळ घेतला, की तो व्रण लालबुंद होई. रक्त सगळ्यांच्याच चेहऱ्यावर चढते, गडद त्वचेवर ते दिसत नाही इतकेच, हे त्यावरून कळले.

ही लाली आजाराचे रूप घेऊ शकते, हे जर्मन वैद्य योहान कास्पर यांनी १८४६ मध्ये दाखवले. चारचौघांत चेहरा लाल होईल या धास्तीने खचून अखेर आत्महत्या केलेल्या एका तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याची हकीकत त्यांनी नोंदवली. पुढे काही वर्षांत फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतली अनुकंपी नस कापली, तेव्हा त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. चेहऱ्याकडचे रक्त नसांच्या हुकमतीत असते, याचा पुरावा मिळाला.

चार्ल्स डार्विन यांच्या १८७२ च्या भावदर्शनावरील ग्रंथात लाजण्याला स्वतंत्र प्रकरण आहे. त्यासाठी त्यांनी जगभर प्रश्नावल्या पाठवल्या होत्या. मुंबई इलाख्यात अहमदनगरला राहणाऱ्या अर्स्किन यांनी लोकांच्या भावमुद्रा न्याहाळल्या. पण युरोपीय माणसासमोर इथले लोक भावना चेहऱ्यावर येऊच देत नाहीत, म्हणून ठाम काही सांगणे त्यांना अवघड गेले. साहेबापुढे चेहरा कोरा ठेवण्यात शहाणपण होतेच! याच प्रकरणात एका अतिसंकोची गृहस्थाचा किस्सा आहे. त्याच्या सन्मानार्थ मेजवानी होती. आभार मानायला तो उठला आणि पाठ केलेले भाषण त्याने हातवाऱ्यांसह, पण एकही शब्द न उच्चारता ‘म्हटले’. मित्रांनी प्रसंग ओळखून जागोजागी टाळ्या वाजवल्या, आणि भाषण उत्तम झाले असे तो समजून चालला. डार्विन यांच्या मते मुळाशी होते ते स्वतःच्या दिसण्याकडे वळलेले लक्ष. अशा लक्षाने तिथल्या रक्तवाहिन्या सैलावतात, ही त्यांची उपपत्ती पुढे टिकली नाही. लक्षाचा मुद्दा मात्र टिकला.

फ्रेंच वैद्य पित्र आणि रेजिस यांनी १८९० च्या दशकात लाल होण्याच्या भीतीला स्वतंत्र विकार मानले. जपानमध्ये मोरिता मासाताके यांनी १९१९ च्या सुमारास त्यावर निराळीच रीत बसवली. आधी काही दिवस अंथरुणावर सक्तीची विश्रांती, मग हलकी कामे, मग कष्टाची, आणि शेवटी नेहमीचा व्यवहार. लाली घालवण्याचा खटाटोप सोडायचा. ती आली तर येऊ द्यायची आणि हातातले काम करत राहायचे.

पाश्चात्त्य वैद्यक दीर्घकाळ रक्तवाहिन्यांच्याच मागे राहिले. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आले. ते मुळात हृदयविकारासाठी होते, पण धडधड आणि थरथर कमी करते म्हणून संकोची माणसेही ते घेऊ लागली. लालीवर त्याचा परिणाम अर्धामुर्धाच. त्याहून टोकाचा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. तळहाताच्या अति घामासाठी छातीतून दुर्बिणीने अनुकंपी नस तोडली जाई. तीच शस्त्रक्रिया १९९० च्या दशकात स्वीडनमधल्या बोरोस इथल्या शल्यचिकित्सकांनी लालीसाठीही वापरली. अनेकांचे चेहरे लाल व्हायचे थांबले, पण पाठीला आणि पोटाला घामाच्या धारा लागू लागल्या, आणि तोडलेली नस पूर्ववत होण्याची खात्री नसते. लाजण्यावर हा इलाज फार महागात पडणारा होता.

त्याच दशकात नेदरलँड्समध्ये सुझान ब्योगेल्स आणि सहकाऱ्यांनी लक्ष वळवण्याचे प्रशिक्षण तयार केले. रुग्ण आधी साध्या प्रसंगांत, मग अवघड प्रसंगांत, स्वतःच्या गालांवरून लक्ष काढून समोरच्याच्या बोलण्यावर आणि चालू कामावर ठेवायला शिकतो. लाल होण्याची धास्ती असलेल्यांचे चेहरे इतरांपेक्षा जास्त लाल होतातच असे नाही, हेही त्या काळातल्या मोजमापांत दिसले. आता पहिला सल्ला अशा मानसोपचाराचा दिला जातो, औषध गरजेपुरते आणि शस्त्रक्रिया अगदी शेवटी.