नियमसंघर्ष आणि शब्दांचा अधिकार : 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या नियमसंहितेचा इतिहास

प्रस्तावना

खेळांचा इतिहास लिहिताना खेळाडू, स्पर्धा आणि विक्रम यांकडेच बहुधा लक्ष दिले जाते. नियमपुस्तिका हा ऐतिहासिक दस्तऐवज आहे, असे सहसा मानले जात नाही. बुद्धिबळासारख्या खेळाच्या बाबतीत ते समजण्यासारखे आहे. कारण त्याचे नियम मोजके आणि दीर्घकाळ स्थिर आहेत. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेत असा एक खेळ जन्माला आला, की ज्याचा प्रत्येक नवा पत्ता हा स्वतःच एक नवा नियम होता. दोन नियम परस्परांना छेद देऊ लागले, तर कोणता प्रमाण मानावा, हा धर्मशास्त्र, न्यायशास्त्र आणि व्याकरण यांचा जुना प्रश्न या खेळापुढे अवघ्या काही महिन्यांत उभा राहिला. त्याच्या उत्तरांत कसा बदल होत गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ ऑगस्ट १९९३ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने बाजारात आणला. त्याचे कर्ते रिचर्ड गारफिल्ड हे गणितज्ञ. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवून त्यांनी व्हिटमन कॉलेजात अध्यापन केले होते. नेहमीच्या ५२ पत्त्यांप्रमाणे येथे सर्वांचा एकच जोड नसतो. प्रत्येक खेळाडू आपल्या संग्रहातून पत्ते निवडून स्वतःचा जोड बांधतो आणि प्रतिस्पर्ध्याचे २० 'प्राण' संपविण्याचा प्रयत्न करतो. पहिल्या आवृत्तीत २९५ निरनिराळे पत्ते होते. आज ही संख्या २५,००० च्या पुढे गेली आहे. यांतला कोणताही पत्ता दुसऱ्या कोणत्याही पत्त्यासमोर येऊ शकतो. सर्व जोड्यांची आधी कल्पना करून ठेवणे कोणत्याही नियमकर्त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

पत्त्यावरचा शब्द

पहिल्या नियमपुस्तिकेची भूमिका साधी होती. पत्त्यावरील मजकूर आणि पुस्तिकेतील नियम यांत विरोध आला, तर पत्त्याचे म्हणणे खरे. हा तत्कालीन खेळाचा 'सुवर्णनियम' होय. विशेष विधान सामान्य विधानाला बाधित करते, हे तत्त्व कायद्याच्या अभ्यासकाला नवे नाही. मात्र दोन पत्त्यांत विरोध आला तर काय, याविषयी हा नियम मौन पाळतो.

शब्दांची अडचण तर त्याही आधीची होती. खेळाच्या चाचणीच्या काळात एका खेळाडूने गारफिल्ड यांना सांगितले, की आपल्या हाती पुढच्या खेळीत हमखास जिंकून देणारा पत्ता आहे. असा पत्ता आपण केल्याचे गारफिल्ड यांना आठवेना. प्रतिस्पर्ध्याची पुढची पाळी बुडते, एवढेच त्या पत्त्यावर लिहायचे होते. पण इंग्रजीत 'गमावणे' आणि 'हरणे' या दोहोंसाठी एकच क्रियापद असल्यामुळे, प्रतिस्पर्धी पुढच्या पाळीत हरतो, असाही त्याचा अर्थ निघत होता. खेळाडूचे वाचन व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. चूक दाखवायची, तर कर्त्याच्या मनात काय होते ते सांगण्यावाचून मार्ग नव्हता. पुढील सर्व वादांचे बीज या किश्शात आहे.

सुरुवातीच्या वर्षांत तंट्याचे निराकरण व्यक्तीच्या शब्दाने होई. कंपनीचे नियमविषयक प्रतिनिधी म्हणून टॉम वायली यांनी दिलेली उत्तरे प्रमाण मानली जात. एकेका पत्त्याविषयीचे असे निर्णय साचत गेले, आणि पुस्तिका लहान पण निर्णयांचा संग्रह मोठा, अशी अवस्था आली. मित्रांच्या बैठकीत हे चालून गेले असते. परंतु १९९४ मध्ये मिलवॉकी येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथून रोख बक्षिसांची व्यावसायिक मालिका सुरू झाली. आता एका शहरातील पंच आणि दुसऱ्या खंडातील पंच यांनी एकाच प्रसंगी एकच निवाडा देणे आवश्यक झाले. पाठ करून ठेवलेले पूर्वनिर्णय त्यासाठी पुरेसे नव्हते. ज्या प्रसंगाचा निर्णय अद्याप कोणीच दिलेला नाही, त्यालाही लागू पडेल अशी रीत हवी होती.

चळत : १९९९ ची पुनर्रचना

१९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर आलेली पुनर्रचना ही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना होय. त्यापूर्वी मंत्रांच्या वेगाचे निरनिराळे वर्ग होते. 'इन्स्टंट' हे जलद. 'इंटरप्ट' हे त्याहून जलद, म्हणजे दुसऱ्याचा मंत्र पूर्ण होण्याआधीच त्याला अडविणारे. एकमेकांना उत्तर म्हणून टाकलेल्या मंत्रांचा एक गट बांधला जाई आणि हानीचा हिशेब गटाच्या अखेरीस होई. प्राण शून्यावर आले, तरी चालू टप्पा संपेपर्यंत खेळाडू हरत नसे. अपवादांना पोटअपवाद, अशी ही रचना होती.

नव्या व्यवस्थेने या सर्वांच्या जागी 'स्टॅक', म्हणजे चळत आणली. ताटांच्या चळतीत सर्वांत शेवटी ठेवलेले ताट जसे आधी उचलले जाते, तसा शेवटी टाकलेला मंत्र आधी फलित होतो. एका उदाहरणाने फरक स्पष्ट होईल. एका खेळाडूपाशी २ बळ आणि २ टिकाव असलेला प्राणी आहे. तो 'जायंट ग्रोथ' टाकून त्याला दोन्हींत ३ ची वाढ देऊ पाहतो. त्यावर प्रतिस्पर्धी ३ हानी करणारा 'लाइटनिंग बोल्ट' टाकतो. जुन्या रीतीत हानीची मोजदाद शेवटी होत असल्याने प्राणी वाचे. चळतीच्या रीतीत बोल्ट आधी फलित होतो, प्राणी तत्क्षणी मरतो आणि वाढ देण्यास कोणी उरत नाही. कोणता निकाल अधिक 'योग्य', हे नुसत्या तर्काने ठरणार नाही. नव्या रीतीचा गुण असा, की तिच्यात क्रम ठाऊक असला की उत्तर ठाऊक असते. मंत्रांचा अर्थ लावत बसावे लागत नाही.

या सोयीची किंमत मात्र लहान नव्हती. 'इंटरप्ट' हा वर्गच रद्द झाल्यामुळे ज्या जुन्या पत्त्यांवर तो शब्द छापलेला होता, ते सर्व 'इन्स्टंट' झाले. पत्ता हातात आहे, त्यावरची शाईही पुसलेली नाही, पण तो शब्द आता कायदा नाही. प्रत्येक पत्त्याचा अधिकृत चालू मजकूर कंपनीच्या 'ओरॅकल' या नोंदसंग्रहात पाहावा लागतो. २००७ मध्ये जुन्या प्राण्यांच्या जातींचीही मोठ्या प्रमाणावर फेररचना झाली. ज्या खेळाने पत्त्यावरच्या शब्दाला सर्वोच्च स्थान देऊन आरंभ केला, त्याने सहा वर्षांच्या आत पत्त्यालाच दुय्यम प्रत ठरविले. या उलटापालटीकडे खेळाच्या चाहत्यांनी सोय म्हणून पाहिले. इतिहासाच्या दृष्टीने हे सत्तांतर होते.

थर : परस्परभक्षक नियमांचा पेच

चळतीने एकामागून एक घडणाऱ्या गोष्टींचा प्रश्न सोडविला. एकाच वेळी सतत लागू असणाऱ्या परिणामांचा प्रश्न तसाच राहिला. त्याचे अभिजात उदाहरण १९९७ चा 'ह्युमिलिटी' आणि जून १९९९ चा 'ओपलेसन्स' या दोन पत्त्यांनी पुरविले. दोन्ही पत्ते 'एन्चांटमेंट', म्हणजे पटावर राहून परिणाम करीत राहणाऱ्या वर्गातले. ह्युमिलिटी सर्व प्राण्यांचे गुणधर्म काढून घेते आणि त्यांचे बळ व टिकाव प्रत्येकी १ करते. ओपलेसन्स आपल्याखेरीज इतर एन्चांटमेंटना प्राणी बनविते आणि त्यांचे बळ व टिकाव त्यांच्या किमतीइतके करते. दोन्ही पटावर आली, की ह्युमिलिटी स्वतःच प्राणी होते. म्हणून तिचा स्वतःचा गुणधर्म जातो. गुणधर्म गेला, तर तो काढून घेणारे कोणी उरत नाही. मग तो परत येतो, आणि पुन्हा जातो.

यावर संहितेने कालांतराने जे उत्तर सिद्ध केले, ते 'थरां'चे. सतत लागू असणारे परिणाम पटावर आलेल्या क्रमाने नव्हे, तर स्वरूपानुसार सात थरांत लावले जातात : नक्कल, ताबा, मजकूर, प्रकार, रंग, गुणधर्म आणि अखेरीस बळ-टिकाव. वरील पेचात चौथ्या थरात ह्युमिलिटी प्राणी होते. सहाव्या थरात ती स्वतःसह सर्व प्राण्यांचे गुणधर्म काढते. येथे एक पोटनियम निर्णायक ठरतो : एखादा परिणाम एका थरात लागू होऊ लागला, की त्याचे मूळ मध्येच नाहीसे झाले तरी पुढील थरांत तो चालूच राहतो. म्हणून सातव्या थरात दोन्ही परिणाम हजर असतात, आणि तेथे मात्र जो पत्ता नंतर आला त्याचे चालते. ओपलेसन्स नंतर आली असेल, तर ४ किमतीची ह्युमिलिटी ४ बळ व ४ टिकावाची प्राणी होते. आधी आली असेल, तर दोन्ही १. चक्र कोठे तरी तोडावे लागणार होते. ते नेमके कोठे, हे आधीच ठरवून ठेवले गेले.

एकाच थरातही 'नंतरचे ते प्रमाण' हे तत्त्व निरपवाद नाही. १९९४ चा 'ब्लड मून' सर्व विशेष भूमींना साध्या डोंगरात बदलतो व त्यांचे मूळ गुणधर्म नष्ट करतो. २००७ ची 'अर्बोर्ग' ही विशेष भूमी सर्व भूमींना शिवाय दलदलही बनविते. येथे अर्बोर्गचा परिणाम अस्तित्वात राहतो की नाही, हेच ब्लड मूनवर अवलंबून आहे. म्हणून कोण आधी आले ते न पाहता ब्लड मून प्रथम लावला जातो आणि दलदल कोठेच होत नाही. यास अवलंबित्वाचा नियम म्हणतात.

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकाला येथे पाणिनीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. दोन सूत्रांत विरोध आला असता नंतरचे प्रमाण, असे अष्टाध्यायीतील पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातील दुसऱ्या सूत्राचे परंपरागत आकलन आहे. या 'नंतर'चा अर्थ काय, यावरील चर्चा कात्यायन-पतंजलींपासून केंब्रिज विद्यापीठात सादर झालेल्या ऋषी राजपोपट यांच्या प्रबंधापर्यंत चालत आली आहे. नागेशभट्टांचा 'परिभाषेन्दुशेखर', ज्याचे संपादन व भाषांतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील कीलहॉर्न यांनी केले, हा नियमांच्या बलाबलाचाच ग्रंथ होय. या दोन परंपरांत ऐतिहासिक संबंध नाही आणि साम्य ताणण्याचेही कारण नाही. फरकच अधिक उद्बोधक आहे. वैयाकरणाला शुद्ध रूप शिष्टांच्या प्रयोगावरून आधीच ठाऊक असते. नियमांनी चुकीचे रूप सिद्ध केले, तर दोष नियमांचा. खेळाच्या पंचाला असा बाहेरचा आधार नसतो. संहितेने जे निष्पन्न होते तेच बरोबर, मग ते कितीही विचित्र दिसो.

हेतू आणि मजकूर

अर्थातच कंपनीला हे नेहमी पचले नाही. १९९० च्या दशकात एखादा पत्ता अनपेक्षितपणे प्रबळ ठरला, की शुद्धिपत्रक काढून त्याचा अर्थच बदलण्याची प्रथा होती. १९९६ च्या 'फ्लॅश' या पत्त्याच्या छापील मजकुरानुसार प्राणी प्रथम पटावर येतो आणि उरलेली किंमत न दिल्यास बळी जातो. शुद्धिपत्रकाने किंमत दिल्याखेरीज प्राणी पटावर येणेच बंद केले. २००७ मध्ये छापील मजकुराशी इमान राखण्याच्या धोरणानुसार हा बदल मागे घेण्यात आला. २००६ च्या 'प्रोटियन हल्क' या, मरताना इतर प्राण्यांना जोडातून आणणाऱ्या पत्त्याशी जुळून फ्लॅशने लगेच हाहाकार उडविला. मे २००७ मध्ये कोलंबस येथील मोठी स्पर्धा याच जोडीने जिंकली आणि जूनमध्ये 'लेगसी' या स्पर्धाप्रकारात फ्लॅशवर बंदी आली.

वरवर पाहता हा धोरणाचा पराभव वाटतो. वस्तुतः येथे दोन अधिकार प्रथमच स्पष्टपणे वेगळे झाले. शब्दाचा अर्थ लावणे हे एक काम. परिणाम अनिष्ट असल्यास तो पत्ता स्पर्धेतून वगळणे हे दुसरे. पूर्वी दुसरे काम पहिल्याच्या आडून होत असे, आणि वाचणाऱ्याला आपण वाचतो तेच खरे आहे की नाही याची खात्री उरत नसे. बंदी निदान उघड असते. जपानच्या कोनामी कंपनीच्या 'यु-गि-ओह!' या खेळाने दीर्घकाळ पत्त्यागणिक निर्णयांवर भिस्त ठेवली आणि २०११ मध्ये आपल्या इंग्रजी पत्त्यांची वाक्यरचना नियमबद्ध केली. तेथेही ओढ शेवटी मजकुराकडेच राहिली.

जुलै २००९ मध्ये संहितेने एक पाऊल मागे घेतले. १९९९ पासून लढाईतील हानीही चळतीवर ठेवली जात असे. त्यामुळे हानी चळतीवर ठेवून मग प्राण्याचा बळी देता येई. प्राणी गेला तरी त्याचा घाव बसेच. कसलेल्या खेळाडूंना हा डाव प्रिय होता, नवख्यांना अनाकलनीय. तो रद्द झाला. न वापरलेल्या मानाशक्तीमुळे होणारी हानीही त्याच वेळी गेली. संहिता सुसंगत असणे पुरेसे नाही, ती खेळणाऱ्याच्या समजुतीच्या आटोक्यातही असली पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. मात्र संहितेची पाने त्याने कमी झाली नाहीत. ती आज पावणेतीनशेहून अधिक भरतात.

यांत्रिक निर्णयाची मर्यादा अखेर गणितानेच दाखविली. अ‍ॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी २०१९ मध्ये सिद्ध केले, की या खेळातील नियमसंमत पत्त्यांच्या मांडणीतून कोणतेही ट्युरिंग यंत्र उभे करता येते. अशा मांडणीत खेळाडूंना निवड करण्याजोगे काही उरत नाही; सर्व हालचाली सक्तीच्या असतात. तरीही कोण जिंकणार, की खेळ कधी संपणारच नाही, हे ठरविणारी सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही. न थांबणारे सक्तीचे चक्र म्हणजे बरोबरी, असा नियम संहितेत आहे. पण एखादे चक्र न थांबणारे आहे हे ओळखण्याची सर्वत्र चालणारी रीत मिळणे अशक्य आहे. स्पर्धेच्या सभागृहात असा प्रसंग आलाच, तर तो सर्वसाधारणपणे ५० मिनिटांची फेरी मोजणारे घड्याळ आणि मुख्य पंचाचा अंतिम शब्द यांवर सोपविला जातो.