इंगळीची वंशावळ

काळ्याकुळकुळीत अंगाचा आणि रुंद, जड नांग्यांचा जो विंचू आपल्या खेड्यापाड्यांतून इंगळी या नावाने ओळखला जातो, त्याच्या कुळाची नवी वंशावळ २०२० साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधून प्रसिद्ध झाली; परंतु तिचा उगम शोधू लागल्यास आपल्याला मुंबईत, १५ सप्टेंबर १८८३ या दिवसापर्यंत मागे यावे लागते. त्या दिवशी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्यूझियममध्ये आठ सद्गृहस्थ एकत्र जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्मास आली. या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, याची आठवण मराठी वाचकाने अगत्याने ठेवावी.

सोसायटीचे पुढील चिटणीस हर्बर्ट फिप्सन हे मद्याचे व्यापारी. संस्थेला आरंभीच्या काळात आसरा मिळाला तो त्यांच्याच पेढीच्या जागेत. मुलूखभर विखुरलेले वनाधिकारी, डॉक्टर आणि इतर अंमलदार विंचू-कोळी मद्यार्कात घालून पाठवीत, आणि त्यांतील अनेक नमुने पुढे लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये रेजिनाल्ड पोकॉक यांच्या मेजावर जात. पोकॉकनी फिप्सन आणि वनखात्यातील रॉटन यांची नावे इंगळीच्या दोन जातींना दिली, आणि १९०० साली हिंदुस्थानातील अष्टपाद प्राण्यांवरचा आपला ग्रंथ सिद्ध केला. त्यांची साधने म्हणजे भिंग, चिमटा आणि असामान्य धीर एवढीच. नांगीवरील खरबरीत दाणे, पोटाखालच्या कंगव्यांचे दात आणि पायांवरील काटे मोजून ते जाती निश्चित करीत. त्या परंपरेतील आपल्याकडचा अव्वल दर्जाचा ग्रंथ म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणातर्फे १९८३ साली निघालेला टिकादर आणि बस्तवडे यांचा विंचवांवरील खंड होय. आजही विंचवांच्या अभ्यासकाला त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही.

न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लोरेंझो प्रेन्डिनी आणि स्टेफनी लोरिया यांनी हाती घेतलेले काम याच्या पुढचे होते. तेथील प्रयोगशाळेचा दिनक्रम बाहेरून पाहणाऱ्यास नीरस वाटेल, पण मला त्यात विलक्षण आकर्षण वाटते. अतिनील प्रकाशात विंचवाचे अंग हिरवट-निळे उजळते, या गुणाचा उपयोग करून रात्री दिव्याच्या साहाय्याने विंचू गोळा करावयाचे. त्यांचा एखादा पाय वेगळा काढून तीव्र मद्यार्कात अथवा द्रवरूप नत्रवायूने गोठवलेल्या टाक्यांत ठेवावयाचा, आणि उरलेले सर्व शरीर साक्षीदार म्हणून त्याच क्रमांकाखाली बरणीत जपावयाचे. अशा अतिशीत संग्रहाची स्वतंत्र व्यवस्था त्या संग्रहालयात २००१ साली सुरू झाली. पायातील स्नायू विकराने विरघळवून डीएनए मोकळा केला जातो, त्यातील ठरावीक अंश यंत्रात पुनःपुन्हा दुणावून वाचण्याजोगा केला जातो, आणि मग निरनिराळ्या मुक्कामांच्या विंचवांची अक्षरमाला शेजारी-शेजारी मांडून कोण कोणाचा किती जवळचा, याचा निवाडा होतो. जुन्या बरण्यांतील नमुन्यांचे शरीर शाबूत असते, पण त्यांचा डीएनए फॉर्मालिनने अथवा पाणी मिसळलेल्या मद्यार्काने तुटून गेलेला असतो. म्हणून पोकॉकनी पाहिलेल्या जातीच्या ओळखीसाठी जुना देह आणि वंशाच्या तपासासाठी ताजा पाय, असे दोन्ही पुरावे एकत्र आणावे लागतात.

या तपासाने जुनी व्यवस्था पुष्कळच बदलली. एकाच मोठ्या प्रजातीत गणल्या गेलेल्या इंगळ्या अनेक प्रजातींत विभागल्या गेल्या, आणि त्यांतील दोन नव्या प्रजातींना डेक्कनोमेट्रस आणि सह्याद्रिमेट्रस अशी आपल्या भूमीची नावे मिळाली. फिप्सन यांची जात आज डेक्कनोमेट्रसमध्ये नांदते. याहूनही मोठा निष्कर्ष असा की, गोंडवन खंडातून सुटून उत्तरेकडे सरकलेल्या भारतीय भूभागावर या कुळाची वाढ झाली, आणि येथून ते आग्नेय आशियात एकदा नव्हे, तीन वेळा गेले.

मात्र या साऱ्या इमारतीचा पाया बरणीतील एका चिठ्ठीवर उभा आहे. स्थळ, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव एवढाच तिचा मजकूर. पण तो नसेल तर उत्तमोत्तम यंत्राने वाचलेली अक्षरमालाही कोणत्या डोंगराची, हे सांगता येत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या कारकुनांनी आणि नोकरांनी ती मजकूर-चिठ्ठी शाईने लिहून मद्यार्कात सोडली, त्यांपैकी बहुतेकांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत. त्यांचे श्रम मी पोकॉकांच्या श्रमांहून कमी मोलाचे मानत नाही. आपल्या जुन्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत, कपाटांच्या वरच्या फळ्यांवर, अशा चिठ्ठ्या असलेल्या विंचवांच्या बरण्या अजूनही असतील. साफसफाईच्या वेळी त्या टाकून देण्यापूर्वी प्रत्येक चिठ्ठी वाचून तिची नोंदवहीत नक्कल करावी, आणि आटलेला मद्यार्क पुन्हा भरून ठेवावा, एवढी त्या विभागांच्या प्रमुखांना माझी विनंती आहे.