मुंबईच्या गिरण्यांतील बालकामगार : कायदा आणि शाळा यांतील अंतर

प्रस्तावना :
१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापसाच्या पहिल्या गिरणीची स्थापना केली. पुढे वऱ्हाडासारख्या प्रदेशांतील कापसावर हा उद्योग वाढला. कोकण व देशावरून आलेल्या कुटुंबांतील मुलेही गिरण्यांत राबू लागली. या मुलांसाठी झालेले कायदे अपुरे का ठरले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची वाटचाल :
१८७५ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी कायद्यासाठी पाठपुरावा केला. मात्र लँकेशायरच्या गिरणीमालकांनाही असा कायदा हवा असल्याने अनेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी त्याकडे संशयाने पाहिले. अखेर १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामास मनाई केली. सात ते बारा वयाच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा व महिन्यास चार सुट्ट्या ठरविल्या. परंतु शंभराहून कमी कामगारांचे, तसेच वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले गेले. प्रौढांच्या कामाच्या तासांवर तर कोणतीच मर्यादा आली नाही. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सर्व कामगारांसाठी रविवारच्या सुट्टीची मागणी केली; ती १८९० मध्ये मान्य झाली. १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ, तर मुलांचे कामाचे तास सात केले.

शाळेचा प्रश्न :
१८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. ज्या वयाच्या मुलाला कायदा नऊ तास गिरणीत ठेवीत होता, त्याच मुलाला फुले शाळेत पाहू इच्छित होते. सरकारने तास मोजले. परंतु उरलेल्या वेळात मुलाने कोठे जावे, याचे उत्तर दिले नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयकही १९१२ मध्ये फेटाळले गेले.

निष्कर्ष :
२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयोगटाला शाळेचा हक्क दिला आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी घातली. अशा रीतीने दोन्ही प्रवाह एकत्र आले. तथापि शाळेच्या वेळेनंतर कौटुंबिक व्यवसायात मदत करण्याची मुभा कायम आहे. १८८१ मध्ये वगळलेल्या कारखान्यांप्रमाणेच ही पळवाट ठरू नये, याची दक्षता घेणे आवश्यक आहे. मुलाला कामावरून काढणे हे अर्धेच कार्य होय. त्याला वर्गात टिकविल्यावरच ते पूर्ण होते.