प्रमाणपत्रामुळे नोकरी मिळते का?

प्रमाणपत्र दोन प्रकारे कामी येते: पात्रतेची अट म्हणून किंवा कौशल्याची खूण म्हणून. कोल्हापुरात नोकरी शोधणाऱ्याला दोन्ही प्रकार भेटतात.

राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द वेगाचे टंकलेखन प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर उमेदवार अपात्र ठरतो. मात्र स्पर्धेतील इतर पात्र उमेदवारांकडेही ते असतेच. त्यामुळे निवड परीक्षेतील गुणांवर होते. 

शिरोली, गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपचे गणित वेगळे. आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नर किंवा मशिनिस्ट अभ्यासक्रम मुलाखतीपर्यंत नेतो. पुढे ड्रॉइंग वाचता येते का, मायक्रोमीटरने अचूक माप घेता येते का, हे महत्त्वाचे ठरते. हा सराव १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यातच, विद्यावेतन घेऊन करता येतो.

म्हणून एखाद्या कोर्सची फी भरण्याआधी हव्या त्या पदाच्या चार-पाच जाहिराती वाचाव्यात. त्यांत त्या प्रमाणपत्राचा उल्लेखच नसेल, तर त्यातून प्रत्यक्ष कोणते काम शिकायला मिळेल, एवढाच प्रश्न उरतो.