मिरास, गतकुळी आणि भाऊबंद : दख्खनच्या गावातील जमीन व नातेसंबंध

मराठी भाषेत 'कूळ' हा शब्द घराण्यासाठी वापरला जातो आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यासाठीही. ज्याच्या नावावर सारा बसतो तेही जुन्या दफ्तरांत कूळच. 'गोत' म्हणजे नातेवाईक. परंतु वतनाचा तंटा सोडविण्यासाठी बसलेली गावाची सभा हीही 'गोतसभा'. 'भाऊबंदकी' या शब्दाचा आरंभीचा अर्थ एका पुरुषापासून वाढलेल्या कुळातील बंधुत्व एवढाच होता. आज त्याचा अर्थ बांधावरचे भांडण असा झाला आहे. नाते सांगणारे शब्द जमिनीच्या व्यवहारात असे सर्रास वावरतात, हा केवळ भाषिक योगायोग मानता येत नाही. पेशवाईच्या अखेरपर्यंत दख्खनच्या देशावरील गावात जमीन आणि नाते या दोन वेगळ्या व्यवस्था नव्हत्या. एकीचा हिशेब दुसरीच्या भाषेत मांडला जाई. इंग्रजी अंमलाने त्यांपैकी एकीचा हिशेब बदलला, दुसरीचा तसाच राहू दिला. त्यातून काय घडले याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मिराशी आणि उपरी

१८१८ मध्ये पेशव्यांचा मुलूख कंपनीच्या ताब्यात आला. तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व त्यांच्या हाताखालील अधिकारी यांना गावोगाव शेतकऱ्यांचे दोन वर्ग दिसून आले. एक मिराशी किंवा थळकरी, दुसरा उपरी. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा होता. सारा भरीत आहे तोवर त्याला काढून लावता येत नसे आणि मिरास विकताही येत असे. दुष्काळात किंवा स्वारीच्या धामधुमीत परागंदा झालेल्या मिरासदाराचे वंशज पिढी-दोन पिढ्यांनी परतले, तरी पूर्वजाची मिरास मागण्याचा त्यांचा हक्क बुडत नसे. उपरी हा 'वरून आलेला'. तो कौलाने, ठरलेल्या मुदतीपुरती जमीन कसे. पुष्कळदा त्याला मिरासदारापेक्षा कमी दराने जमीन मिळे आणि काही ठिकाणी दर तीन वर्षांनी द्यावी लागणारी मिरासपट्टीही त्याला लागू नसे.

निव्वळ पैशाच्या हिशेबाने पाहिल्यास उपऱ्याची स्थिती कधीकधी मिरासदारापेक्षा बरी म्हणावी लागेल. तरीही मिरास सोडण्यास कोणी सहजासहजी तयार नसे. इंग्रज अधिकाऱ्यांना याचे आश्चर्य वाटले. शेतकऱ्याला वाटण्याचे कारण नव्हते, कारण मिरास म्हणजे केवळ उत्पन्नाचे साधन नव्हते. गावात बोलण्याचा अधिकार, सणावाराचा मान आणि सोयरीक जुळविताना घराण्याची पत या साऱ्या गोष्टी तिच्याशी निगडित होत्या. उपरी पन्नास वर्षे गावात राहिला तरी तो गावाचा होत नसे. मिरासदार पन्नास वर्षे बाहेर राहिला तरी तो गावाचाच असे.

मिराशी जमिनीची विभागणी 'थळ' या घटकात असे आणि थळ एखाद्या मूळ कुळाच्या नावाने ओळखले जाई. त्या कुळाच्या विस्ताराला 'जथा' अशी संज्ञा होती. गावातील थळांची यादी म्हणजे 'थळझाडा'. मूळ कुळ नाहीसे होऊन जमीन दुसऱ्यांच्या हाती गेली, तरी थळाचे नाव बदलत नसे. अमुक जाधवांचे थळ दोन पिढ्या शिंदे कसत असले, तरी ते जाधवांचेच थळ म्हणून लिहिले जाई. जथ्यातील एका भावाने सारा थकविला तर तो भरण्याची जबाबदारी उरलेल्या भाऊबंदांवर येई. तो निपुत्रिक वारला तर जमीन त्यांच्यात वाटली जाई. हक्क आणि ओझे असे एकाच दोरीने बांधलेले होते. जथ्यातील हिस्सा परक्याने विकत घेतला, तर त्यालाही भाऊपणाच्या नात्यात सामावून घेण्याची रीत होती. जमीन घ्यावयाची तर नाते पत्करावे लागे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

या संदर्भात 'गतकुळी' हा शब्द विशेष बोलका आहे. ज्या जमिनीचे कूळ नष्ट झाले ती गतकुळी जमीन. ओसाड, बेवारस, सरकारी हे शब्द सुचू शकले असते. रूढ झाला तो कूळ गेले असे सांगणारा शब्द. १६३० च्या महादुष्काळासारख्या आपत्तींनी कितीतरी थळे गतकुळी केली असतील. अशी जमीन मिरास करून देताना पाटलाला एकट्याने निर्णय करता येत नसे. गावाची संमती लागे. जमीन पडीक होती, पण तिच्यावर नव्या कुळाला बसविणे म्हणजे गावाच्या वंशावळीत एक शाखा जोडणे होते.

वतन, मान आणि गोत

जे मिराशीचे तेच वतनाचे. पाटीलकी, कुलकर्ण आणि बलुतेदारांची वतने कुळात वाटली जात, गहाण पडत, विकलीही जात. निमी पाटीलकी विकल्याची खरेदीखते उपलब्ध आहेत आणि ती मुळातून वाचण्याजोगी आहेत. जमीन व हक्क यांच्या वाटणीपेक्षा मानपानाची वाटणी त्यांत अधिक बारकाईने लिहिलेली आढळते : होळीची पोळी कोणाची आधी, पोळ्याला कोणाचे बैल पुढे, टिळा-विडा प्रथम कोणास. आधुनिक वाचकाला हा तपशील क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मात्र ज्या समाजात हक्काचा पुरावा कागदापेक्षा सर्वांसमक्ष वर्षानुवर्षे घडणाऱ्या कृतीत असतो, तेथे पोळ्याच्या मिरवणुकीतील जागा हीच नोंदवही असते.

वाद झालाच तर गोतसभा बसे. तिच्यात पाटील-कुळकर्ण्यांबरोबर बलुतेदारही असत आणि महारांची साक्ष शिवेच्या तंट्यात महत्त्वाची मानली जाई. निर्णयाचा महजर लिहिला जाई. लिहिता न येणारा कुणबी सहीऐवजी नांगराची निशाणी करी, इतर आपापल्या हत्याराची. एकमेकांत रोटीबेटी व्यवहार नसलेल्या जाती गावाच्या न्यायासाठी एक 'गोत' ठरत. येथे गोत रक्ताचे नव्हते, जमिनीचे होते.

या चित्राला भाबडा उजाळा देण्याचा मोह टाळला पाहिजे. १९१५ साली 'गावगाडा' लिहिणाऱ्या त्रिंबक नारायण आत्रे यांनीही तो टाळला होता. वतनदारीच्या बोजाखाली राबता कुणबी कसा दबला आहे, हे त्यांनी नोकरीतील अनुभवावरून परखडपणे दाखविले. याहून गंभीर बाजू महार वतनाची आहे. हाडकी-हाडोळ्याची जमीन ही नावाला वतन होती. प्रत्यक्षात तिच्या मोबदल्यात सबंध कुळ गावाच्या आणि सरकारच्या वेठीस बांधलेले राही. कुळ वाढे तसतसा प्रत्येकाचा हिस्सा तुकड्या-तुकड्यांत विरून जाई, राबणे मात्र कमी होत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच कारणासाठी. मिरासदाराला प्रतिष्ठा देणारे तत्त्व आणि महाराला जखडून ठेवणारे तत्त्व एकच होते. जमीन कुळाची आणि कूळ गावाचे, हे ते तत्त्व होय. कनिष्ठ गाव-वतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये झाला.

खाते आणि खातेदार

कंपनी सरकारपुढील प्रश्न साऱ्याचा होता. प्रिंगल यांची पहिली मोजणी फसल्यानंतर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. जमिनीचे सर्व्हे नंबर पडले, प्रत्येक नंबरावर तीस वर्षांसाठी आकार ठरला, तो भरणारा खातेदार झाला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीला पक्के रूप दिले आणि १८७९ च्या जमीन महसूल संहितेने ते कायम केले.

या पद्धतीत न्यायबुद्धी नव्हती असे म्हणता येणार नाही. आकार पूर्वीपेक्षा पुष्कळ ठिकाणी हलका होता आणि उपऱ्याला प्रथमच स्थिर हक्क मिळाला. परंतु मिराशी व उपरी हा भेद त्यामुळे निरर्थक ठरला. जथ्याची सामाईक जबाबदारी संपली. गतकुळी जमीन सरकारी पडीत झाली आणि तिच्यावर कोणाला बसवायचे हे ठरविणारी गावाची संमती अनावश्यक ठरली. थळझाड्याच्या जागी आकारबंद आला. त्यात कुळांची नावे नव्हती, अंक होते.

जमीन व्यक्तीच्या नावे झाली, नाते मात्र कुळाचेच राहिले. वारसाहक्क हिंदू कायद्याप्रमाणे चालू राहिला. बापामागे सर्व मुलगे समान हिस्सेदार. पूर्वी वाटणीनंतरही जथ्याचे बंधन टिके; आता वाटणी म्हणजे स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र खाते म्हणजे स्वतंत्रपणे गहाण टाकण्याची मोकळीक. सावकाराला हवे होते ते एवढेच. भावाचे देणे भाऊबंदांनी निस्तरण्याचा प्रघात उरला नाही आणि दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा एकट्या माणसावर बजावणे सोपे झाले. मे १८७५ मध्ये सुपे येथे सुरू होऊन पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून प्रामुख्याने कागद मागून घेतले आणि जाळले, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे. रविंदर कुमार यांनी या दंग्यांचा संबंध ग्रामसमाजातील एकोपा मोडण्याशी जोडला. नील चार्ल्सवर्थ यांनी दंग्यांचे महत्त्व इतके वाढविण्यास हरकत घेतली. दंग्यांची व्याप्ती मर्यादित होती, हे चार्ल्सवर्थ यांचे म्हणणे मान्य करूनही कागद का जाळले गेले हा प्रश्न शिल्लक राहतोच.

तुकडेबंदीच्या प्रश्नावर डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही वाचावा लागतो. तेथे १७७१ च्या सुमारास सरासरी धारण ४० एकर होती; १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली. यात लोकसंख्यावाढीचा वाटा उघड आहे. परंतु मान यांनी दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधले : एकाच्या वाट्याची ती अल्प जमीनही सलग नव्हती. प्रत्येक प्रकारच्या जमिनीत प्रत्येक भावाला हिस्सा हवा, म्हणून प्रत्येक शेत चिरले जाई. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही उधळपट्टी ठरते. कुळाच्या दृष्टीने तो न्याय होता. मळ्याची काळी जमीन एकाला आणि माळरान दुसऱ्याला, हे भावाभावांत कसे शोभावे? मुंबई सरकारने १९४७ मध्ये तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा केला. सातबारा न बदलता घरातल्या घरात वाटणी करून गावांनी तो पुष्कळसा निष्प्रभ केला.

लेकीचा हिस्सा

आतापर्यंतच्या विवेचनात स्त्रीचा उल्लेख आला नाही, कारण थळझाड्यातही तो क्वचितच येतो. लेक लग्नानंतर दुसऱ्या कुळात जाई. तिच्याबरोबर जमीन गेली असती तर परके कूळ थळात शिरले असते. म्हणून भाऊबंद आणि सोयरे हे दोन गोट काटेकोरपणे वेगळे राखले गेले : जमीन भाऊबंदांत, देणेघेणे आणि माया सोयऱ्यांत. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्रातील मामेबहिणीशी विवाहाच्या प्रथेचे विवेचन केले आहे. सोयरीक पुन्हा त्याच घरांत फिरवण्याची ही रीत जमिनीच्या व्यवस्थेला पूरक होती, असे अनुमान करता येते. लेकीला मिळे ती चोळी-बांगडी, माहेरपण आणि अडचणीच्या वेळी भावाचा आधार.

१९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलून मुलीला जन्मतः सहदायाद केले. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्यासंबंधीचे उरलेसुरले संदेह दूर केले. त्याआधीच, १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर, शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी पत्नीच्या नावे जमिनी केल्या होत्या. तथापि तलाठी कार्यालयात वारसनोंदीच्या वेळी आजही दिसणारे नेहमीचे दृश्य वेगळे आहे. बहिणींची नावे सातबाऱ्यावर चढतात आणि काही दिवसांनी हक्कसोडपत्राने उतरतात. मोबदला बहुधा लिहिलेला नसतो. तो दिवाळीच्या भाऊबीजेचा, बाळंतपणाचा, माहेरच्या उंबरठ्याचा असतो. त्या कागदावर सही करणाऱ्या बहिणीला आपण काय सोडतो आहोत याची कल्पना नसते, असे समजणे चुकीचे ठरेल. खाते आणि नाते यांपैकी एकच राखता येईल असा प्रसंग तिच्यावर येतो आणि ती त्यांतले एक निवडते. तिच्या भावावर असा प्रसंग येत नाही.